गुळाच्या गाडीतून शाहू स्टेडियमवर

संपादक मंडळाने या अंकासाठी मला खोडवा उसाच्या खतांवर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. खोडव्यावर गेल्या काही अंकांत शेती खात्याच्या मंडळींनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि ती मंडळी माझ्यापेक्षा शिकलेली आहेत. तेव्हा मी म्हटलं, ज्यातलं मला साठ वर्षांचं कळतं त्यावर लिहू द्या. "कशावर?" म्हणाले. म्हटलं, फुटबॉलवर. मंडळी हसली, पण नको म्हणाली नाहीत. त्यांच्यातले दोघेजण दर हंगामात मला स्टेडियमच्या पायऱ्यांवर भेटतात, हे त्यातलं गुपित.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या भागात उसाचा गळीत हंगाम आणि कोल्हापूरचा फुटबॉलचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी चालतात. दिवाळी होते, इकडे बॉयलर पेटतो आणि तिकडे पेठापेठांतून पोरं बूट झटकायला लागतात. पावसाळा तोंडावर आला की दोन्ही बंद. त्यामुळे ज्याच्या शेतात ऊस आहे आणि ज्याला फुटबॉलचा नाद आहे, त्याची दर वर्षी ओढाताण ठरलेली. काट्यावर ट्रॅक्टर रांगेत लावून मोटारसायकलीने कोल्हापूर गाठणारे गडी आपल्यात कमी नाहीत. नावं घेत नाही, घरची मंडळीही हा अंक वाचतात.

बाहेरगावच्या पाव्हण्याला कोल्हापूरच्या फुटबॉलमधली एक गोष्ट चटकन उमगत नाही. संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तिचा फुटबॉलशी काय संबंध? संबंध असा की पेठेतल्या पोरांनी एकत्र यायची जागा तालीम हीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठं केलं, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, त्या वातावरणात पेठोपेठी तालमी उभ्या राहिल्या. पुढे संस्थानच्या अखेरच्या काळात फुटबॉल रुजला तो याच तालमींच्या अंगणात. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली आणि खेळाला शिस्त आली. पण मातीची आणि पेठेची इर्षा होती तशीच राहिली. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशी नावात तालीम नसलेली मंडळंही आहेत, तरी वृत्ती तीच. कोल्हापुरात माणूस संघ निवडत नाही. तो ज्या पेठेत जन्मतो तोच त्याचा संघ.

आता माझी पंचाईत इथंच होती. मी खेड्यातला. मला पेठच नव्हती.

पहिली मॅच

१९६४ सालचा जानेवारी. मी बारा वर्षांचा होतो. त्या वेळी आमच्या गावचा ऊस गुऱ्हाळाला जायचा. आमचं गाव कोल्हापूरपासून सहा-सात कोसांवर. रात्री जेवणं झाली की गुळाचे रवे बैलगाडीत रचायचे, वर पाचट आणि घोंगडं टाकायचं आणि निघायचं. पहाटे गाडी शाहूपुरीत. शाहूपुरीची व्यापारी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली ती गुळासाठीच. सकाळी सौदे निघत, वजनं होत, अडत्या पट्टी करून देई. पट्टीचे पैसे हातात पडेपर्यंत दुपार उलटायची. तोवर आबा अडत दुकानाच्या ओट्यावर धोतराचा सोगा तोंडावर घेऊन झोपायचे. रात्रभर जागलेला माणूस, दुसरं काय करणार?

त्या दुकानात एक हमाल होता. मंगळवार पेठेतला. तीस किलोचा रवा उशी उचलावी तसा उचलायचा. मी त्याला मामा म्हणत असे. त्या दिवशी दोन वाजले तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. शेवटी आबांना हलवून म्हणाला, "पाव्हणं, पोरग्याला जरा पेठ दावून आणतो." आबांनी डोळे न उघडताच मान हलवली. आबांना वाटलं, अंबाबाईला नेतोय.

बिंदू चौक, मिरजकर तिकटी करत आम्ही चाललो तसतशी गर्दी दाट होत गेली. सगळी माणसं एकाच बाजूला चाललेली. सायकलवर तिघं तिघं. कामगार, कापडाच्या दुकानातले पोरगे, पंचा खांद्यावर टाकलेले पैलवान, एक वकील काळ्या कोटात. मला वाटलं, जत्रा आहे. तिकीट पंचवीस पैशांचं होतं, पण सगळे चार आणेच म्हणत. मामाने माझंही तिकीट काढलं. हमालीच्या मानाने चार आणे म्हणजे थोडे नव्हेत, हे तेव्हा कळलं नाही.

आत गेलो तर पायऱ्याच पायऱ्या, आणि पायरी दिसतच नव्हती, माणसंच दिसत होती. एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. मैदान हिरवं वगैरे काही नव्हतं. लालसर माती, मधे मधे गवताची ठिगळं, आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा. खेळाडू पळत बाहेर आले तसा एका बाजूने असा आवाज उठला की माझ्या पोटात कालवलं. मामाचा हात घट्ट धरला. मामा तर माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. सकाळी अडत्यापुढे मान खाली घालून उभा असणारा माणूस, इथं पायरीवर उभा राहून, दोन्ही हात वर करून, अकरा जणांना त्यांच्या घरगुती नावांनी हाका मारत होता. "आरं बाळ्या, मागं बघ की!" आणि खरंच तो बाळ्या मागे बघत होता.

चेंडू चामड्याचा, तपकिरी. त्याच्या तोंडाला बुटासारखी नाडी. आत रबरी ब्लॅडर. नाडीच्या बाजूने डोकं लागलं तर कपाळाला वळ उठायचा. बुटांच्या तळाला कातडी गोट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असत, आणि हाफ टाइमला एकजण हातोडी घेऊन त्या ठोकत बसलेला मी पाहिला. मामाने सांगितलं, "ही पोरं तरी बूट घालत्यात. १९४८ सालात आपल्या देशाचा संघ लंडनला ऑलिंपिकला गेला, त्यातले निम्म्याच्या वर अनवाणी खेळले." फ्रान्सकडून २-१ असे हरले, पण बूटवाल्यांच्या तोडीस तोड खेळले. मामाला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण असल्या गोष्टी तोंडपाठ. १९५६ साली मेलबर्नला आपण चौथे आलो आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, हेही मी त्याच पायरीवर ऐकलं. १९६२ साली जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून सोन्याचं पदक आणलं, ती गोष्ट तर तो स्वतः तिथं असल्यासारखी सांगे.

गोल झाला आणि पंचाने तो दिला नाही. सगळं स्टेडियम उठलं. मी विचारलं, "मामा, गेला की आत?" मामा म्हणाला, "ऑफसाइड." मी म्हटलं, "म्हणजे?" मामाने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्यात पाण्याची पाळी असती न्हवं? आपली पाळी यायच्या आधीच फुडं जाऊन दारं धरून बसलं तर चालतंय काय?" म्हटलं, नाही. "मग तेच हे. पाणी मागनं येतंय आणि हा आधीच फुडं जाऊन बसलाय." पुढे मी पुष्कळ ठिकाणी ऑफसाइडची व्याख्या वाचली. मामाच्या व्याख्येने आमच्या गावातल्या निदान पन्नास पोरांना नियम समजला आहे, छापील व्याख्येने किती जणांना समजला असेल ते देव जाणे.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा बैल जुंपून उभे. मामाने मला पुढे ढकलून काढता पाय घेतला. आबा वाटभर काही बोलले नाहीत. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "देवी दिसली का?" मी म्हटलं, "गर्दी लई होती." दोन्ही खरं होतं.

संघ कुठला?

इथं सभासदांचा पहिला प्रश्न असणार की माझा संघ कुठला. तो मी मुद्दाम लिहिणार नाही. आपल्या कार्यक्षेत्रात सगळ्या पेठांचे पाव्हणे-रावळे आहेत आणि पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. एवढं सांगतो की मामाचा जो संघ तोच माझा झाला. पेठ नव्हती, ती चार आण्यांच्या तिकिटाबरोबर मिळाली.

पण पेठेतल्या पोरांनी मला लगेच आपला मानलं असं नाही. पायरीवर बसलो की विचारायचे, "कुठल्या गल्लीचा रं तू?" गावाचं नाव सांगितलं की, "मग तुला काय करायचंय?" गाव हरलं तर पेठेला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं, मी तर गाडीत बसून निघून जाणार, असा त्यांचा हिशेब. तो काही चुकीचा नव्हता. मी मात्र घरी जाऊन दोन दिवस जेवायचो नाही, हे त्यांना कुठं माहीत!

गावात आम्ही खेळायला सुरुवात केली ती गुऱ्हाळाच्या पाठीमागे, चिपाड वाळत घालायच्या जागेवर. पहिला चेंडू चिंध्यांचा, सुतळीने आवळलेला. पुढच्या वर्षी मामाने तालमीतला टाकून दिलेला एक कातडी चेंडू आणून दिला. शिवण उसवलेली. गावच्या मोच्याने ती शिवली, ब्लॅडरला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. चेंडू एका अंगाने फुगीर होता, त्यामुळे सरळ मारला की डावीकडे जायचा. त्या चेंडूवर शिकलेला आमचा एक गडी पुढे चांगल्या चेंडूवर कधीच नीट खेळू शकला नाही.

मॅचला जाता आलं नाही तर निकाल कळायचा मुक्कामी एसटीने. रात्री साडेआठची गाडी. आम्ही चार-पाच पोरं पाराजवळ उभी. कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढून बोटं दाखवायचा, आधी एका हाताची, मग दुसऱ्या हाताची. उजव्या हाताची बोटं आमच्या संघाची, असं ठरलेलं होतं. तो कंडक्टर स्वतः दुसऱ्या पेठेचा. आमचा संघ हरला असला की गाडी वळणावर असतानाच त्याचा डावा हात बाहेर आलेला असायचा. सविस्तर हकीकत दुसऱ्या दिवशी 'पुढारी'त, तीही दुपारी, ग्रामपंचायतीत सगळ्यांचं वाचून झाल्यावर.

गुऱ्हाळ थांबलं, कारण संपलं

पुढे आबांनी कारखान्याचा शेअर घेतला. गुऱ्हाळ बंद झालं, ऊस कारखान्याला जायला लागला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. रात्रंदिवस चुलवाणापुढे बसणं संपलं, अडत्याच्या तोंडाकडे बघणं संपलं. मला एकट्याला घोर लागला. शाहूपुरीला जायचं कारणच उरलं नाही.

एके दिवशी सरळ आबांना सांगितलं की मला मॅचला जायचं असतं. आबा म्हणाले, "मला काय ठावं न्हाई व्हय? अंबाबाईच्या देवळात माणूस एवढा घसा बसवून येतोय व्हय?" मग अट घातली. पाण्याची पाळी चुकता कामा नये आणि तोडणीच्या दिवशी फडातून हलायचं नाही. बाकी कुठंही जा.

पाळीचा तोडगा मी काढला. शेजारच्या रानवाल्याशी अदलाबदल केली. त्याच्या रात्रीच्या पाळ्या मी करायच्या आणि मॅचच्या दुपारी माझी पाळी त्याने करायची. थंडीतली रात्रीची पाळी म्हणजे काय ते आपल्या सभासदांना सांगायला नको. दोन रात्रींना एक दुपार असा भाव ठरला होता. महाग होता, पण अकरा वर्षं चालला.

तोडणीला मात्र तोडगा नव्हता. १९७४ साल. माझा संघ अंतिम सामन्यात गेलेला. चार दिवस आधीपासून झोप नव्हती. आणि नेमकी त्याच दिवशीची तोडणीची चिठ्ठी आली. पहाटे टोळी फडात हजर. आबा काही बोलले नाहीत, पण बांधावर येऊन बसले. मी मोळ्या बांधत होतो आणि सूर्याकडे बघत होतो. आता संघ आला असेल. आता हाफ टाइम झाला असेल. टोळीचा मुकादम बीडकडचा, त्याने विचारलं, "मालक, जीव लागंना आज?" त्याला सांगितलं. त्याला फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्याने टोळीला हाक दिली, "आवरा रे, मालकाची कुस्ती हाय." आवरून आवरून साडेसहा झाले. अंघोळ न करता, अंगाला कूस लागलेली, तसाच पाराजवळ जाऊन उभा राहिलो.

एसटी आली. खिडकीतून दोन्ही हात एकदम बाहेर आले, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं. बरोबरी. मग डावा हात आत गेला. उजवा हात बाहेरच राहिला, आणि कंडक्टर तोंडाने ओरडला, "टाय-ब्रेकर!" गाडी थांबायच्या आधीच आम्ही तिच्या दाराला लटकलो होतो. मी शेकडो सामने पाहिले, त्यातले कितीतरी विसरलो. न पाहिलेला हा एक सामना मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. मामाने तो मला पुढे इतक्या वेळा सांगितला की कुठल्या खेळाडूने कुठल्या कोपऱ्यात चेंडू मारला ते मी आजही सांगेन.

मुंबईचा फुटबॉलही एकदा पाहिला. आमचे चुलते गिरणीत होते. १९६८ साली दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते मला कूपरेजवर रोव्हर्स कपचा सामना बघायला घेऊन गेले. ही स्पर्धा १८९१ सालची. आधी सगळ्या गोऱ्या पलटणी जिंकायच्या. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो कप पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला, आणि १९५० ते ५४ अशी ओळीने पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. खेळ फार उंचीचा. कलकत्त्याचे खेळाडू चेंडू असा थांबवायचे की पायाला डिंक लावला आहे काय असं वाटावं. पण पायऱ्यांवर मला करमलं नाही. तिथं टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, रेल्वे असे संघ. लोक चांगल्या खेळाला टाळ्या वाजवत, दोन्ही बाजूंच्या! शेजारचा गृहस्थ मला म्हणाला, चांगला खेळ बघायला मिळाला म्हणजे झालं. मी चुलत्यांना हळूच विचारलं, यांचं कुणी हरत न्हाई काय?

एक गोष्ट मात्र तिथली पटली. कंपन्या खेळाडूला नोकरी देत. आमच्या पायऱ्यांवर ज्याच्या नावाचा जयजयकार व्हायचा, तो सकाळी उद्यमनगरात लेथवर उभा असायचा नाहीतर कुठं दूध घालत असायचा. गुडघा गेला की त्याची विचारपूस तालमीतली चार माणसं करायची, बाकी स्टेडियम नव्या पोराच्या नावाने ओरडायला मोकळं. कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल अभिमानाने बोलणारे पुष्कळ आहेत, मीही आहे, पण हे कुणी बोलत नाही.

दगड

आता जे लिहितो ते लिहावं की न लिहावं असं वाटत होतं. पण फुटबॉलची गोष्ट सांगायची आणि हे वगळायचं, म्हणजे उसाची गोष्ट सांगून हुमणी वगळण्यासारखं होईल.

१९७९ सालचा सामना. दोन जुन्या इर्षेच्या पेठा. पंचाने एक पेनल्टी दिली. ती बरोबर होती की चूक यावर अजून वाद होतो, आणि खरं सांगायचं तर त्याने काही फरक पडत नाही. आधी शिव्या, मग चपला, मग बाटल्या, मग दगड. खेळाडू मैदान सोडून पळाले. पळापळीत पायरीवरून घसरलेला एक मुलगा माझ्या पुढ्यात आला. दहा-अकरा वर्षांचा असेल, समोरच्या संघाचं निशाण हातात. त्याच्या डोळ्यावर दगड बसला होता. दगड आमच्याच बाजूने आला होता.

मी आणि मामाने त्याला उचललं. मामा तेव्हा साठीच्या पुढचा, पण रवा उचलावा तसा त्या पोराला खांद्यावर घेऊन तो गर्दीतून निघाला. लोक वाट देत नव्हते. तेव्हा मामा आपल्याच पेठेच्या पोरांवर असा ओरडला, तसा आवाज मी त्याच्या तोंडून गोल झाल्यावरही ऐकला नव्हता. दवाखान्यात नेलं. मुलाचे वडील आले. ते आमच्याकडे बघून काही बोलले नाहीत. आमच्या गळ्यात आमच्या संघाचे रुमाल होते. मामाने आपला रुमाल काढून खिशात घातला. पुढे कळलं की मुलाचा डोळा राहिला, पण दृष्टी फारच कमी झाली.

त्यानंतर दोन हंगाम मी गेलो नाही. रात्रीच्या पाळ्या करायचो, पण बदल्यात दुपार मागायचो नाही. शेजारी म्हणाला, "लई पाळ्या साठल्या तुमच्या माझ्याकडं."

परत गेलो तो मामामुळे. त्याचे डोळे अधू झाले होते, मोतीबिंदू की काय, फक्त उजेड कळायचा. मी काही कामाने शाहूपुरीत गेलो होतो, तसा त्याच्या घरी डोकावलो. म्हणाला, "मला स्टेडियमवर ने." म्हटलं, "मामा, तुम्हाला दिसणार काय?" म्हणाला, "तू बघ आणि सांग." मग मी त्याला घेऊन गेलो, आणि शेजारी बसून सगळा सामना सांगितला. चेंडू कुणाकडे, पास कुणाला, बॅक कुठं उभा आहे. सुरुवातीला मी नुसता आपल्या संघाचाच खेळ सांगत होतो. मामा म्हणाला, "आणि ते काय करत्यात? बसून हायती व्हय?" तेव्हापासून मी समोरच्या अकरा जणांची नावंही शिकलो. दुसऱ्याला सांगायचं म्हणजे दोन्ही बाजू बघाव्या लागतात. हळूहळू आजूबाजूची पोरं ऐकायला सरकायला लागली. कुणी दगडाला हात घातला असता तर मामा तिथं बसलेला होता, आणि तो कोण हे सगळ्या पेठेला माहीत होतं. १९८८ साली तो गेला तोवर आम्ही एकही हंगाम चुकवला नाही.

गडबडी पुढेही झाल्या. सामने बंद पडले, स्पर्धा अर्ध्यावर थांबल्या, संघांवर कारवाया झाल्या. प्रत्येक वेळी बाहेरच्यांनी येऊन केलं असं सगळेच म्हणतात. मी बाहेरचाच आहे, म्हणून मला हे ऐकताना हसू येतं. खेळ बंद पडला की पेठेतला पोरगा महिनाभर रिकामा बसतो, आणि त्याची चार-पाच वर्षांची खेळायची उमेद त्यातली एक वर्षाने कमी होते. हा हिशेब पायरीवरचा माणूस करत नाही.

आताचं

१९८६ साली गावात टीव्हीवर विश्वचषक पाहिला. पावसाने चित्र सारखं हलायचं, एकजण कौलांवर चढून अँटेना धरून बसलेला. मॅराडोनाने इंग्लंडचे पाच-सहा गडी चकवून गोल मारला तेव्हा तो अँटेनावाला विचारत राहिला, काय झालं, काय झालं, आणि त्याला सांगायला कुणी तयार होईना. तेव्हापासून कोल्हापुरात विश्वचषक आला की गल्लोगल्ली अर्जेंटिना आणि ब्राझीलची निशाणं लागतात. पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. हजारो कोसांवरच्या देशांसाठी! मला ते थोडं गमतीचं वाटतं, पण मी कोणत्या तोंडाने बोलू?

पुढच्या काळात आफ्रिकेतले खेळाडूही आपल्या संघांकडून खेळून गेले. उंच, चपळ, आणि काही महिन्यांत "नाद खुळा" म्हणायला शिकलेले. स्थानिक पोरांची जागा जाते म्हणून काही जण नाराज होते, त्यात तथ्यही होतं. पण त्यांच्याकडून आपली पोरं अंगाने खेळायला शिकली, हेही मी पाहिलं आहे.

२०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या देशाच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपण तिन्ही सामने हरलो, अमेरिका, कोलंबिया आणि घानाकडून. पण कोल्हापूरच्या मातीतला पोरगा निळा शर्ट घालून विश्वचषकात पळत होता. मी टीव्हीपुढे एकटाच होतो. सवयीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगायला लागलो, चेंडू डावीकडे गेलाय, आता आपला पोरगा पळतोय.

आता तोडणीचा निरोप मोबाइलवर येतो आणि गोलचाही. नातू मोटारसायकलवरून नेतो. माझ्या पायरीवर आम्ही चारजण म्हातारे असतो, त्यातले दोघे समोरच्या पेठेचे. हाफ टाइमला शेंगा ते आणतात, उसाचा रस आम्ही पाजतो. आयुष्यभर ऊस पिकवून रसाला पैसे मोजायचे, यावर दर वेळी एकदा तक्रार होतेच.

नव्या सभासदांपैकी कुणाला यायचं असेल तर एवढंच सांगतो की दुसरा सामना साधारण चारला सुरू होतो. पश्चिमेच्या बाजूला सावली लवकर येते, त्यामुळे तिथं जागा हवी असेल तर तीनच्या आत पोचा. आणि त्या दिवशी पाण्याची पाळी असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा.